खरेदी कोल्हापुरात, तक्रार बेळगावात

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परवा बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळुरात कट्ट्यावर एका वॉशिंग मशीनचा विषय निघाला. गल्लीतल्या मुलीच्या लग्नात वडिलांनी कोल्हापुरातून घेऊन दिलेलं मशीन. दोन महिने व्हायच्या आत ड्रम फिरायचा बंद झाला. कंपनीचा माणूस एकदा येऊन बघून गेला, दुकानदार फोन उचलत नाही. मुलीचे वडील म्हणाले, "जाऊ दे की अण्णा. आता कोल्हापूरच्या तारखांना कोण जाऊलंय?"

हे वाक्य सीमाभागात मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय त्याला गणती नाही. एके काळी त्यात तथ्य होतं. आता नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडची खरेदी कशी चालते ते आपण जाणताच. रोजच्या वस्तूंना बेळगावातला खडेबाजार, गणपत गल्ली. पण लग्नाचा बस्ता, सोनं, शेतीची मोटर, मोठं यंत्र म्हटलं की पाय कोल्हापूरकडे वळतात. निपाणीकराला तर बेळगावपेक्षा कोल्हापूरच जवळ. खानापूरकडची माणसं गोव्यातूनही वस्तू आणतात. वस्तू चांगली निघाली तर सीमा कुणाला आठवत नाही, बिघडली की सीमेवरचा कोगनोळीचा नाका लगेच आडवा येतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार साधारणपणे दुकानदार जिथे धंदा करतो किंवा व्यवहार जिथे घडला तिथेच करावी लागे. कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूसाठी येळ्ळूरच्या माणसाने कामधंदा सोडून तवंदी घाट उतरायचा. पाच-दहा हजारांच्या वस्तूसाठी हे परवडणार कुणाला?

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यातल्या कलम ३४ ने ही अडचण काढून टाकली. ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात त्याला तक्रार करता येते. दुकान कोल्हापुरात असो, पणजीत असो की मोबाइलवरून कुठून मागवलेलं असो. दोन्ही राज्यांचा सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण ग्राहकापुरती ही सीमा केव्हाच पुसली गेली आणि आपल्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही.

मलाही नव्हता. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत विहिरीसाठी पाच एचपीची पाणबुडी मोटर आणली, कोल्हापुरातल्या एका दुकानातून, एकतीस हजार पाचशेला. एक वर्षाची वॉरंटी. फाल्गुनात वीस गुंठे कोबी गड्ड्यावर आला असताना मोटर बंद पडली. वर काढली तर जळका वास, वायंडिंग काळंठिक्कर. टेम्पो करून ती कोल्हापूरला नेली. दुकानदाराने झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला: "तुमच्याकडं व्होल्टेजचा घोळ, हे वॉरंटीत बसत नाही." मी जरा आवाज चढवला तेव्हा म्हणाला, "केस करा की. इथंच यावं लागंल, कर्नाटकातनं."

मोटर परत टेम्पोत घालून आलो. बायको म्हणाली, कोर्टाची पायरी कशाला चढूलायसा. भाचा एका वकिलाकडे टायपिंगला जातो, त्याने दोन पानांची नोटीस तयार केली. एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीला, पोचपावतीसह रजिस्टर पोस्टाने. त्यात बिलाचा नंबर, मोटरचा सीरियल नंबर, बंद पडल्याची तारीख, आमच्या मेकॅनिकचा सही केलेला कागद, आणि शेवटी एकच महत्त्वाची ओळ: पंधरा दिवसांत मोटर बदलून न मिळाल्यास कलम ३४ प्रमाणे बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली जाईल.

आठव्या दिवशी दुकानदाराचा फोन. "काका, एवढ्यासाठी बेळगावला कशाला बोलवताय?"

काका! महिन्याभरापूर्वी मी 'कर्नाटकातनं' येणारा होतो. नवी मोटर मिळाली. टेम्पोचं भाडं मिळालं नाही, कोबी तर कधीच वाळून गेला होता. भाचा म्हणतो, तिथे थांबायला नको होतं, पिकाची भरपाईसुद्धा मागायला हवी होती. त्याचं बरोबर असावं. मला तेव्हा पाणी हवं होतं.

शेतकरी म्हणजे ग्राहक नव्हे, तो धंद्यासाठी माल घेतो, असं सांगून वाटेला लावणारेही भेटतात. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. बियाण्याच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच शेतकऱ्याला ग्राहक मानलं आहे. त्या खटल्यात बियाणे कंपनी म्हणत होती, तपासणीसाठी बियाण्याचा नमुना कुठे आहे? न्यायालयाचं म्हणणं असं की शेतकरी सगळं बी पेरून टाकतो, नमुना जपून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. सोयाबीन उगवलं नाही म्हणून नशिबाला बोल लावणाऱ्यांनी पिशवी आणि बिल तेवढं फेकू नये.

बिलावरून आठवलं. माझं काम झालं ते पक्क्या बिलामुळे. आपली माणसं मात्र चिठ्ठीवर आकडा लिहून घेतात आणि कर वाचला म्हणून खूश होतात. चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना तारीख. खरं तर बिल द्यायला नकार देणं हीच नव्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का मारला म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.

खर्चाची भीतीही बरीच पोकळ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगातच चालतात, वकील दिलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून बघावा, तिथे मराठीतही बोलता येतं. मोटरचं माहितीपत्रक इंग्रजीत, सरकारी कागद कन्नडमध्ये, अशा कात्रीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे थोडकं नाही.

पण सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात देशभर प्रकरणं त्याहून कितीतरी लांबतात. आयोगांवरच्या नेमणुका रखडतात म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. आमच्याकडचे पुढारी सीमाप्रश्नावर तासभर बोलतात (बोलावंच), त्यातली पाच मिनिटं या रिकाम्या खुर्च्यांना दिली तर बरं. आपल्या दैनिकानेही आठवड्यातून एकदा ग्राहकांच्या प्रश्नांना चौकटभर जागा द्यावी, अशी विनंती.

वॉशिंग मशीनचं म्हणाल तर मुलगी आता संकेश्वरला असते, म्हणजे जिल्हा आपलाच. बिल वडिलांच्या नावावर आहे, पण त्याने काही अडत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. बिल मात्र दोन दिवस सापडत नव्हतं. काल रात्री आहेराच्या वहीत मिळालं, हळदीच्या डागासकट, पण तारीख आणि मॉडेल नंबर स्वच्छ वाचता येतो. नोटीस भाचा रविवारी टाइप करणार आहे.

आपला,
एक वाचक
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव