बंगळुरूची ढगाळ हवा आणि आपलं ऊन

संपादक साहेब, नमस्कार.

मुलगी बंगळुरूला नोकरीला आहे, जुलैत महिनाभर तिच्याकडं राहून आलो, आल्यापासून जो तो एकच विचारतोय, काय मस्त हवा असेल ना तिथं! आहेच की. शहर 900 मीटर उंचीवर, आपल्या सोलापूरच्या जवळपास दुप्पट, दुपारीसुद्धा पारा 28 च्या पुढं फारसा जात नाही, महिनाभर पंखा लावला नाही आम्ही. मे महिन्यात 43 डिग्रीत गच्चीवर पाणी मारून झोपणाऱ्या माणसाला हे सुखच.

पण पंधरा दिवस धड ऊन दिसलं नाही हो. सोबत नेलेली सोलापुरी चादर धुतली तर तिसऱ्या दिवशीपण कडा ओलसर, वर कुबट वास, आपल्याकडं दुपारच्या आत खडखडीत वाळते. बायकोचे गुडघे धरले, मलाही सकाळी उठावंसं वाटेना. मुलगी म्हणते सवय होते, तिला झालीय.

मला हेवा वाटला तो तिथल्या झाडांचा. कब्बन पार्कात भर दुपारी म्हातारी माणसं निवांत बसलेली असतात. आपल्याकडं उन्हाळ्यात बसची वाट बघणाऱ्या बायका खांबाच्या सावलीत उभ्या राहतात, निदान बसस्टॉपपाशी तरी कडुनिंब लावा, एवढी विनंती छापावी.

एक वाचक, सोलापूर