आवाज मोजून झाला, आता कान तपासा साहेब

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, दरवर्षी विसर्जन झालं की पुण्यातल्या सीओईपी या इंजिनिअरिंग संस्थेच्या मुलांनी लक्ष्मी रोडवर मोजलेला आवाज पेपरात येतो, १०० डेसिबलच्या आसपासचे आकडे, मग दोन दिवस डीजे बंद करा म्हणणारे आणि आमच्याच सणावर गदा का म्हणणारे एकमेकांवर तुटून पडतात आणि विषय संपतो. तिथे तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांच्या कानांचं पुढे काय झालं, हे त्या बातमीत नसतं.

मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. गणपतीनंतर ढोल-ताशा पथकातली पोरं येतातच. मागे एक ताशा वाजवणारी मुलगी आली होती, विशीतली, म्हणाली कानात सतत शिट्टी वाजते, आणि कॅन्टीनमध्ये मैत्रिणी बोलतात ते ऐकू येतं पण कळत नाही. ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या स्वराचा किती बारीक आवाज ऐकू येतो याचा आलेख, काढला तर २५० ते ८००० हर्ट्झ सगळं नॉर्मल. आई म्हणाली, बघ, काही नाहीये तुला. पण त्या पोरीला होणारा त्रास खरा होता.

असं का होत असावं, याचा एक धागा एका प्रयोगात आहे. २००९ मध्ये बोस्टनला संशोधक शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा आवाज फक्त दोन तास ऐकवला. पुढच्या काही दिवसांत उंदरांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत झालं, कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी, हेअर सेल्सही शाबूत, पण त्या पेशींना नसेशी जोडणारे सायनॅप्स कानाच्या काही भागात जवळपास निम्मे गेले होते आणि ते परत आले नाहीत. शांत खोलीत बारीक बीप ऐकायला उरलेले जोड पुरतात, गर्दीत बोलणं वेगळं काढायला कमी पडत असावेत, असा तर्क आहे. माणसांत हे किती होतं यावर अजून एकमत नाही, कारण जिवंत माणसाच्या कानातले सायनॅप्स मोजताच येत नाहीत, एबीआरसारख्या (आवाजाला नस आणि मेंदू देतात तो विद्युत प्रतिसाद मोजणाऱ्या) चाचण्यांवरून अंदाज बांधावा लागतो, आणि त्यात काही अभ्यासांना फरक दिसलाय तर काहींना नाही.

आणि साहेब, याचं उत्तर शोधायला पुण्यासारखी जागा कुठे मिळणार? गणपतीच्या बरंच आधीपासून नदीपात्रात सराव सुरू होतो, तीच मुलं, तीच वाद्यं, दरवर्षी. सराव सुरू व्हायच्या आधी तपासा, विसर्जनानंतर तपासा, पुढच्या वर्षी पुन्हा तपासा, असं निदान पाच वर्षं. साधा ऑडिओग्राम पुरणार नाही, ८००० हर्ट्झच्या वरची तपासणी, एबीआर आणि गोंगाटात मराठी वाक्यं ओळखायची चाचणी हे सगळं हवं. ससूनसारखं रुग्णालय आहे, वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, माणसं आहेत, फक्त निधी आणि तुमची सही पाहिजे.

एक कळकळीची विनंती, हा अभ्यास बंदीच्या वादात ओढू देऊ नका, नाहीतर पथकं दारातूनच परत जातील. मुलांना त्यांचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.

बंदोबस्तावरच्या पोलिसांना मात्र अभ्यासाची वाट बघायला लावू नका. १०० डेसिबलमध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये अशी अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस आहे आणि आपले पोलीस रात्रभर स्पीकरच्या भिंतीशेजारी उभे असतात, त्यांना निवड नसते. गृहखात्याशी बोलून येत्या गणपतीत प्रत्येकाला इअरप्लग आणि ड्युटीत आलटून-पालटून विश्रांती, एवढं तरी कराच.

आपली,
पुण्यातली एक ऑडिओलॉजिस्ट