'चाय' लिहिलं होतं म्हणून खाल्लं

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
व्हिएतनामी रेस्टॉरंट, सिंगापूर

दि. 12 मार्च 2025

विषय : 'चाय' (शाकाहारी) म्हणून विकलेल्या पदार्थांत माशांचा सॉस आणि हाडांचं पाणी असल्याबाबत

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत लिहितोय, कारण गुरुवारी फोनवर आडनाव ऐकल्याबरोबर तुम्हीच म्हणालात, "अहो, बोला की मराठीत." इंग्रजी प्रत तुमच्या मुख्य कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. तिच्यात 'माळकरी' या एका शब्दासाठी मला चार ओळी खर्ची घालाव्या लागल्या. तुमच्यापुढे ती वेळ येऊ नये.

आई महिनाभरासाठी मंगळवेढ्याहून आली आहे. तिला नातवाच्या शाळेपलीकडे काहीतरी दाखवावं म्हणून मी तुमच्याकडे रविवारचं, 9 मार्चचं टेबल सांगितलं. तेव्हाच विचारलं होतं की तिच्या गळ्यात माळ आहे, मासमच्छी, अंडं काही चालत नाही, जमेल का? तुमचं उत्तर : "चायचा मेन्यू वेगळाच आहे, निर्धास्त या."

आलो. मेन्यूवर हिरव्या पानाचं चित्र आणि शेजारी 'चाय'. "यात चहा घालतात?" असं आईने विचारलं, आणि मी हसत हसत तिला सांगितलं की व्हिएतनामी भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. फो चाय (नूडल्सचं सूप), गोई कुऑन चाय (भाज्यांचे रोल) आणि बान सेओ चाय मागवलं. बान सेओ आल्यावर ती खूश झाली. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. म्हणजे आपलं घावनच की. 'सेओ' हा तव्यावर पीठ पडल्याचा चर्र आवाज, हे सांगितल्यावर तर तिने तुकडा मोडून कानाशी नेला. फोच्या वाफेत तिला बाद्यान आणि दालचिनी ओळखू आली. "गोड्या मसाल्याचा वास येतोय," म्हणाली आणि अर्धा वाडगा संपवला.

मग मी गोई कुऑनसोबतच्या वाटीत रोल बुडवला. 2019 साली कामानिमित्त सात महिने हो ची मिन्ह सिटीत राहिलोय, तो वास मला चुकणार नाही. नुओक माम. माशांत मीठ घालून महिनोन्‌महिने मुरवलेला सॉस. वाढणाऱ्या मुलीला विचारलं, तर ती सरळपणे म्हणाली, "फिश नाही सर, फक्त फिश सॉस." आणि फोचं पाणी? "तेच हाडांचं सूप, मांस काढून देतो." तिचा राग नाही. तिला जे शिकवलं तेच ती बोलली.

राग आहे तो तुमच्या वाक्याचा. तुम्ही टेबलाशी आलात, आईला वाकून नमस्कार केलात आणि मला बाजूला घेऊन म्हणालात, "इथे सगळीकडे असंच चालतं हो, फार बघायचं नाही."

सगळीकडे असं चालत नाही. व्हिएतनाममध्ये 'चाय' हा बौद्ध घरांतला शब्द आहे. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, कितीतरी लोक त्या दिवसापुरते चाय खातात. माझ्या ऑफिसखालच्या खानावळीत त्या दोन दिवशी बसायला जागा मिळायची नाही. तिथली बाई फोचं पाणी पांढरा मुळा, गाजर आणि वाळवलेल्या मशरूमचं करायची. बुडवायच्या वाटीत सोया सॉस. कडक पाळणारे तर कांदा-लसूणही टाळतात, हे ऐकून आई म्हणाली होती, "मग ती माणसं आपल्यातलीच." माशांशिवायचा नुओक माम चायसुद्धा बाटलीत तयार मिळतो. म्हणजे तुम्हाला अवघड असं काही करायचं नव्हतं. सुपाचं दुसरं पातेलं ठेवायचं, एवढंच.

बिल सोबत जोडलं आहे. तीन पदार्थ 41.70 डॉलर, माझी कॉफी 6.50, आणि दोन ओल्या टिश्यूंचे 1.20, जे आम्ही फोडलेही नाहीत. (आईने ते पर्समध्ये टाकले. पैसे घेतलेत ना, मग सोडायचे कशाला, हा तिचा हिशेब.) त्यावर 10 टक्के सेवा शुल्क, त्यावर 9 टक्के जीएसटी, एकूण 59.23. कर आणि शुल्काबद्दल तक्रार नाही, ते मेन्यूच्या तळाशी छापलेलं होतं.

मागण्या दोनच. तीन पदार्थांचे पैसे करासकट परत करा, ते होतात बरोबर 50 डॉलर. आणि पाणी व सॉस बदलेपर्यंत मेन्यूवरचं हिरवं पान आणि 'चाय' हा शब्द काढा. दुसरी मागणी पूर्ण होणार असेल तर पहिली मी सोडायला तयार आहे. उलट चालणार नाही. पदार्थाचं खोटं वर्णन करून विकणं इथल्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यवहार ठरतं, आणि 14 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी 'केस' या ग्राहक संघटनेकडे जाणार आहे.

आईने त्या वेळी काहीच म्हटलं नाही. चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, पाणी मागितलं आणि घरी जाताना टॅक्सीत मला बजावलं, "त्या पोराला काही बोलू नकोस, नोकरी असते." पोरगा म्हणजे तुम्ही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. एरवी ती साबुदाण्याची खिचडी खाते. या वेळी पाणीही घेतलं नाही. एकोणसत्तर वर्षांची आहे ती.

हे पत्र मी लिहितोय हे तिला माहीत नाही. 30 तारखेला ती परत जाते. त्याआधी मेन्यू बदलल्याचं कळवलंत, तर तेवढं मात्र तिला सांगेन.

आपला,
रविवार दुपारच्या टेबलावरचा ग्राहक
(नाव व फोन बुकिंगच्या नोंदीत आहे)

सोबत : बिलाची प्रत, मेन्यूच्या पानाचा फोटो