भंगार बघायला एवढं लांब?

कोल्हापूर

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "बोलिव्हियापर्यंत जाऊन भंगारच बघून आलीस व्हय?" दादाकडं टीव्ही एवढा मोठ्यानं लागला होता की धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

होय, भंगारच. उयुनी गावाबाहेर उघड्या माळावर जुनी वाफेची इंजिनं रांगेनं सोडून दिलीत. उंची ३,६५० मीटरच्या पुढं, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. चार पावलांत धाप लागते. जवळच ते दहा हजार चौरस किलोमीटरचं मिठाचं मैदान. त्या खाऱ्या वाऱ्यानं पत्र्याचे पार पापड केलेत. एका बॉयलरचं पुढचं दार गायब, आतल्या नळ्या उघड्या. बोट लावलं तर गंजाची खपलीच हातात आली. (आई, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच गेले होते.) एका इंजिनावर कुणीतरी स्पॅनिशमध्ये रंगवलंय, 'अनुभवी मेकॅनिक पाहिजे'. बाबा, तुमचा अर्ज टाकू का?

आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, त्या कारखान्यांच्या गर्दीत, हा माल आठ दिवस टिकला नसता. सिलिंडरचं ओतीव लोखंड शिरोलीच्या भट्टीत जाऊन एव्हाना त्याची पंपाची कास्टिंगं झाली असती!

मला चटका लावून गेली ती सालं. खाणींतला माल चिलीतल्या अंतोफागास्ता बंदराला न्यायला तिथली लाइन टाकली १८८८ ते १८९२ च्या सुमारास. आणि आपली कोल्हापूर-मिरज? पायाभरणी १८८८, तीही तेरा-चौदा वर्षांच्या शाहू महाराजांच्या हस्ते. गाडी सुरू १८९१ ला. म्हणजे दोघी एका वयाच्या. तिकडं १९४० च्या दशकात खाणींचा धंदा बसला आणि इंजिनं जागच्या जागी राहिली. आपल्याकडं १९७१ ला मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. मग मीटरगेजची आपली इंजिनं गेली कुठं? बाबा, तुम्ही तेव्हा नुकतेच लेथवर लागला होतात. त्यातलं काही उद्यमनगरात आलं होतं का? नीट आठवा, मला लिहून घ्यायचंय.

डॉक्टरांनी गुडघ्याला परवानगी दिली की दादाच्या गाडीनं येऊ नका, कोयना एक्स्प्रेसनं या. रुकडीला पंचगंगेचा पूल आला की मला फोन करा, मी रिक्षा घेऊन स्टेशनवर थांबते. आई, स्वयंपाकाची काळजी नको. पिठलं-भाकरी जमते आता. तुझ्या हातची सर नाही, तेवढं चालवून घे.

तुमची,
धाकटी