पाणी फिरायच्या आत वर ये

चोपडा, गुरुवार रात्र

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

कोकणात समुद्राच्या वाळूत गाडी चालवायची म्हणून सकाळी चहाही न घेता थार काढलीस. चारचौघांत बोलायला नको होतं, माझं चुकलं. पण काळजी काही जात नाही.

शनिवारी पौर्णिमा, म्हणजे उधाण. दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरती, सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. नेमकी वेळ तिथल्या कोळ्यांना विचार. चारला वाळूत उतरा, सहाच्या आत वर या. ओहोटी संपून पाणी फिरलं की पहिल्या तासात फारसं चढत नाही, तिथंच माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं. तापीच्या पात्रात ट्रॅक्टर काढतोस हे ठाऊक आहे, कौतुकही आहे. पण हा समुद्र आहे भो.

आणि हो, कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर गाडीला बंदी आहे, गुन्हा दाखल होतो. आधी पोलीस ठाण्यात विचार. नाही म्हणाले तर मुकाट्यानं पायी जा.

हवा उतरायच्या आधी कमी कर, फसल्यावर नाही. चारही चाकं 18 पीएसआय. टायर लांबट पसरतो, मग वाळू कापत नाही. चारही चाकं ओढतात त्या फोर हायमध्ये दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा, वळण मोठं. जास्त जोराचा फोर लो लावायचा तर गाडी उभी करून, गिअर न्यूट्रलला. थांबताना ब्रेक मारू नकोस, चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. उताराकडे तोंड करून आपसूक थांबू दे. खाडीच्या मुखाकडे तर जाऊच नकोस, वरून घट्ट दिसतं, खाली गाळ असतो.

चाक जागेवर फिरलं की त्याच क्षणी पाय काढ. रेस करत राहिलास की गाडी पोटावर बसते. छकडा रुतला की आजोबा बैलांना मारायचे नाहीत, खाली बसून हातानं वाळू उपसायचे. तू मागून ढकलायचास, एवढासा, दात-ओठ खाऊन. तसंच कर. चाकांपुढची, मागची, पोटाखालची वाळू फावड्यानं काढ, हवा 12 वर आण, स्टिअरिंग सरळ ठेव आणि आलास त्याच चाकोरीतून रिव्हर्स घे. 12 फक्त निघण्यापुरती, त्या हवेवर जोरात वळलास तर टायर रिम सोडतो. ओढायची वेळ आली तर पट्टा टो हुकालाच, बंपरला नाही. पट्ट्यावर गोधडी टाक आणि पोरांना लांब उभं कर. तुटलेला पट्टा माणूस मारतो.

लेक्चर झालं परत. तुझी आई म्हणते, त्याला अक्कल आहे. आहेच. पण सहाच्या आत, सोनू. सहाला घड्याळ बघायचं नाही, पावणेसहालाच निघायचं.

डांबरीवर आल्यावर पूर्ण हवा भर, कमी हवेत पळवलीस तर टायर तापून फाटतो. त्याच रात्री गोड्या पाण्यानं गाडीचं पोट धू. हवा भरून झाली की फोन कर, कितीही वाजू दे.

तुझा,
बाबा

ता. क. मागच्या सीटखाली सागाची फळी ठेवली आहे, छकड्याचीच. जॅक तिच्यावर लाव, नुसता वाळूत रुततो.