डोक्याला मार लागल्यावरचा कागद मराठीत द्या

मा. संपादक,

मी सीटी स्कॅन टेक्निशियन आहे, रिपोर्ट डॉक्टरच लिहितात पण रोज बघून बघून थोडंफार कळायला लागतं. डोक्यावर पडलेल्याला कॅज्युअल्टीतून सोडताना एक कागद देतात, उलट्या झाल्या, गुंगी आली, फिट आली तर लगेच परत या वगैरे, पण सगळं इंग्रजीत. तो जातो फाइलीत आणि घरचे म्हणतात टेंगूळ आलंय ना, मग आत काही नाही. असं नसतं हो!

गाडीवरून पडलेला पोरगा जरा बेशुद्ध होतो, मग उठून चहा पितो, नीट बोलतो. पण हाड तडकून आतली धमनी फाटली असेल तर कवटीखाली रक्त साठत जातं आणि काही तासांत तोच बोलेनासा होतो. नताशा रिचर्डसन ही नटी 2009 मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडली, मला काही झालं नाही म्हणाली, दोन दिवसांत गेली. हे एक्स्ट्राड्युरल, म्हणजे कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये साठलेलं रक्त, वेळेत ऑपरेशन झालं तर माणूस वाचतो.

म्हाताऱ्यांचं आणखी अवघड. बाथरूममध्ये घसरलेलं कोणाच्या लक्षातही राहत नाही, मेंदू वयाने आकसलेला, त्यात रक्त पातळ करायची गोळी चालू, बारीक शीर तुटून सबड्युरल, म्हणजे त्या आवरणाच्या आतल्या बाजूला रक्त, हळूहळू जमतं आणि तीन-चार आठवड्यांनी आजोबा पाय ओढायला लागतात, एका पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, घरचे म्हणतात वय झालं. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, हे जुनं काळपट, कवटीला आतून चिकटलेल्या चंद्रकोरीसारखं, मेंदू एका बाजूला सरकलेला. न्यूरोसर्जन कवटीला एक-दोन भोकं पाडून ते धुऊन काढतात, एखाद-दोन दिवस नळी ठेवतात, आणि बरेच आजोबा चालत घरी जातात. परत साठू शकतं म्हणून फॉलोअप चुकवू नये, आणि गोळी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं.

(बीपी वाढून मेंदूत होणारा रक्तस्राव किंवा शिरेचा फुगा फुटून एकाएकी उठणारी भयंकर डोकेदुखी, याला पडावं लागत नाही. तिथे वाट न बघता 108 ला फोन.)

तर तो कागद मराठीत, मोठ्या अक्षरात हवा, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पुढचे दोन-तीन महिने चालण्या-बोलण्यात फरक पडतोय का, हेही त्यात हवं. एका पानाच्या छपाईला असा कितीसा खर्च येतो? तोवर तुम्हीच आरोग्य पुरवणीत छापलंत तर कात्रण आमच्या वेटिंग रूममध्ये लावतो.

– एक वाचक, सोलापूर