हार आणि किल्ल्या

अमळनेर,
१३ ऑगस्ट

प्रिय मधू,

काय भो, बरा आहेस ना? काल तुझा फोन आला तेव्हा मी हार आणायला गेलो होतो. ग्रंथपाल दिन ना! दरवर्षीसारखा आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार, उदबत्ती, प्राचार्यांचे चार शब्द, चहा-बिस्किटं. आणि त्याच फोटोखालच्या ड्रॉवरमध्ये कपाटांच्या किल्ल्या. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय, पण लाज कालच वाटली.

हा माणूस काही हौसेने ग्रंथपाल झाला नव्हता बरं. मद्रासला गणित शिकवायचा. १९२४ मध्ये विद्यापीठाने ग्रंथालयात बसवलं, तर आठवडाभरात कंटाळून 'मला परत वर्गात घ्या' म्हणत कॉलेजात हजर! मग लंडनला शिकायला गेला आणि पार बदलून आला. तिथल्या एका दुकानात त्याने मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या त्याच, स्क्रू तेच, जोडाल तसं खेळणं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची १९३३ ची कोलन वर्गीकरण पद्धत त्यातूनच सुचली. आपल्याकडच्या कपाशीच्या रोगांवरचं पुस्तक घे: शेती, कापूस, रोग, असे तुकडे सांधायचे की झाला क्रमांक. हुशारी जबर, पण आमच्याकडे ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धतच चालते, आणि बहुतेक ठिकाणी तीच.

मला विचारशील तर त्याची खरी कमाई १९३१ चे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम. त्यातला पहिलाच: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मद्रासला त्याने वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं.

मी कुलपं का लावली, ते तुला ठाऊक आहे. पहिल्याच वर्षी मोजणीत तीन पुस्तकं कमी भरली आणि पैसे माझ्या पगारातून कापले. त्या गृहस्थाने आयुष्यभराच्या बचतीतले एक लाख रुपये ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी विद्यापीठाला देऊन टाकले, आणि मी तीन पुस्तकांचं दुखणं अजून उगाळतोय!

काल कार्यक्रम उरकल्यावर एक मुलगी कोरी चिठ्ठी घेऊन आली. "सर, नाव नाही माहीत. बघितलं की सांगते." रोजच्यासारखं 'कॅटलॉग बघ' म्हणणार होतो, पण मागे तो ताजा हार. उघडलं कपाट. खालच्या फळीजवळ मांडी घालून तासभर बसली पोरगी. आली होती संख्याशास्त्रासाठी, नेली दोन भलतीच, तीही मी कधी हलवली नसतील अशी. पानांवर वाळवीची माती होती, ती तिने ओढणीने पुसली.

आज तीन कपाटं उघडी ठेवलीत. किल्ल्या मात्र खिशातच आहेत, तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

वहिनींना नमस्कार. थंडीत भरिताची वांगी आली की ये, कळण्याची भाकरी माझ्याकडे लागली.

तुझा,
अण्णा